वाफ्यातली सायकल

मिठागरवाली म्हातारी भर दुपारी आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या एका हातात माझ्या मुलीचं मनगट होतं आणि दुसऱ्या हातात मुलीच्या सायकलचं हँडल. सायकल चिखलाने इतकी माखली होती की तिचा निळा रंग फक्त सीटखाली बोटभर दिसत होता. मुलगी रडत नव्हती, म्हातारी ओरडत नव्हती, आणि मलाही काही वाटत नव्हतं. पाहणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारी पोरीला शाळेतून घरी सोडायला आली आहे.

"ही तुजी काय गो?" तिने विचारलं.

"माझीच."

"मंग चल. दावतंय तुला."

मी चपला घातल्या आणि निघाले. दाराला कडी लावली की नाही, तेही आठवत नाही.

नव्वदनंतरची ही गोष्ट. पेणमध्ये खाडीच्या बाजूला, वस्ती संपून बांध सुरू होतो तिथे आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. नवरा रोह्याला कंपनीत होता. तीन शिफ्टचं काम, म्हणून तिथे त्यांनी एक खोली घेतली होती आणि आठवड्यातून एकदा ते घरी यायचे. रोह्याच्या पुढे कोकणात रेल्वे न्यायचं काम तेव्हा चालू होतं, आणि दर खेपेला ते त्याच्याच बातम्या घेऊन यायचे. कुठे बोगदा, कुठे पूल. त्या दिवसांत घरात दुसरं बोलायला काही नव्हतं, म्हणून मीही ऐकून घ्यायचे.

दिवाळीनंतर रोह्याच्याच दवाखान्यात मला मुलगा झाला. तो रडला नाही. त्याला दाखवलं मला, पण हातात दिला नाही, आणि मी मागितलाही नाही. आठ दिवसांनी एसटीने पेणला परत आले; शाळेतून माझी रजा चालूच होती. म्हातारी दारात आली त्या दिवशी त्या गोष्टीला महिना होत आला होता.

एरवी मी तोंडाळ बाई. शाळेत माझा आवाज दोन वर्ग पलीकडे जायचा आणि भाजीवाल्याशी घासाघीस करताना लोक थांबून ऐकायचे. पण त्या महिन्यात मला काही म्हणजे काही वाटेनासं झालं होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतो आणि मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मी स्वयंपाक करत होते, मुलीची वेणी घालत होते, बायका भेटायला आल्या की चहा ठेवत होते. त्या डोळे पुसायच्या. मी त्यांना साखर किती विचारायचे.

तर म्हातारीच्या मागे मी बांधावरून गेले. मुलगी आमच्या मध्ये चालत होती. नऊ वर्षांची. गुडघ्यापासून पावलापर्यंत राखाडी चिखल वाळून तडकलेला.

मिठागर म्हटलं की लोकांना पांढऱ्या राशी आठवतात. राशी शेवटी येतात. त्याआधी दीड-दोन महिने नुसता चिखल असतो. पावसाळ्यात वाफ्यांचा तळ पार बिघडून जातो. तो दिवाळीनंतर माणसं पायांनी तुडवून तुडवून पुन्हा बसवतात. खांद्याला खांदा लावून ओळीने उभं राहायचं आणि टाच अंगठ्याला भिडवत एकेक पाऊल पुढे जायचं. वाफा संपला की आडव्या बाजूने पुन्हा. असं कितीतरी दिवस. मग तो तळ शहाबादी फरशीसारखा होतो, आणि मगच त्यावर खारं पाणी घेता येतं. तळ कच्चा राहिला तर पाणी मुरतं, मीठ चिखलात मिसळून काळं येतं आणि काळ्या मिठाला कोणी विचारत नाही.

मात्र हा तळ वरून वाळलेला दिसला तरी आतून ओलाच असतो. अनवाणी माणूस त्यावरून चालला तर चालतो. सायकलचं चाक रुततं.

आमच्या आळीत सगळी खडी. तिथे सायकल शिकायची म्हणजे गुडघे फोडून घ्यायचे. पोरीने शोधून शोधून अख्ख्या पेणमधली सगळ्यात सपाट जमीन काढली होती, हे मान्य करायला हवं. तीन वाफ्यांत तिने गोल गोल फेऱ्या मारल्या होत्या. चाकांचे माग एकात एक गुंतलेले, आणि जिथे ती पडली होती तिथे दोन तळवे आणि दोन गुडघे स्वच्छ उमटलेले. ते पंजे मी मोजत बसले. सात वेळा पडली होती. सात वेळा उठून पुन्हा बसली होती सायकलवर. इतर वेळी मला कौतुक वाटलं असतं किंवा संताप आला असता. तेव्हा मी फक्त सात म्हटलं मनात.

"तीन हप्तं तुडवलं आमी," म्हातारी म्हणाली. "मी न् माजी सून. धन्याचं पाय तर कामाचं ऱ्हायलं नाय." तिचा नवरा बांधावरच बसला होता. त्याच्या पावलांना चिरा पडून त्यांत मीठ बसलेलं होतं. त्याने आमच्याकडे बघून नुसती मान हलवली.

मग तिने मला काय काय अडलं आहे ते सांगितलं. पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं ठरलेलं. पुनव अकरा दिवसांवर. तोवर तळ बसला नाही तर या तीन वाफ्यांत यंदा मीठ नाही. आणि वाफे तिचे नव्हते, मालकाचे होते. ज्याचा हंगाम बुडाला त्याच्याकडून मालक पुढच्या साली वाफे काढून घेतो आणि दुसऱ्याला देतो. ती लग्न होऊन आली तेव्हापासून हेच तीन वाफे करत होती.

"बघते मी," मी म्हटलं. काय बघणार होते देव जाणे.

वाण्याच्या दुकानातून कंपनीत फोन केला. नवरा दुसऱ्या दिवशी रजा टाकून आला. आल्या आल्या त्यांनी मुलीला पुढ्यात घेतलं. "कोणाला विचारून गेलीस?" ती गप्प. "कोणाला विचारून?" ती गप्पच. दोन थोबाडीत बसल्या. मी तांदूळ निवडत होते. हात थांबले नाहीत माझे. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण तेव्हा तीही वाटली नव्हती.

मग ते माझ्याकडे वळले. "तू तर घरातच असतेस ना दिवसभर?"

त्यांचं तरी काय चुकलं? मी घरातच होते. पोर माझ्या नाकासमोरून सायकल घेऊन गेली असणार, कारण सायकल पलंगाला टेकून ठेवलेली असायची आणि मी त्या पलंगावरच पडून असायचे.

संध्याकाळी आम्ही दोघे मिठागरावर गेलो. नवऱ्याने खिशातून पाकीट काढलं. म्हातारीने ते बघितलं आणि हातातलं फावडं खाली ठेवलं.

"पैसं काय वाफा तुडवतान?" ती म्हणाली. "पाय पायजेत."

"मग गडी लावून देतो दोन."

"गडी कुटं हायत? ज्याला त्याला आपापलं वाफं हायत ना. सगल्यांचीच पुनव."

"रविवारी मी येतो. बाकीचे दिवस शिफ्ट असते हो माझी."

"तू नको." तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "ही येल तर बोल."

नवरा एकदम चिडला. "अहो, ती..." आणि अडला. बाळंतीण हा शब्द त्यांना तोंडातून काढवेना. बाळाशिवाय तो शब्द कसा वापरायचा हे आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं.

"येते मी," मी म्हटलं. मला वाटलं, बाई घरात रिकामी बसलेली दिसते म्हणून ही माझ्यावर बोट ठेवते आहे. माझं म्हणणं इतकंच होतं की कुठे तरी उभं राहायचंच आहे, तर तिथे राहू.

नवरा रात्रीच्या गाडीने रोह्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी वाफ्यात उतरले.

आधी म्हातारीने फावड्याने माग उकरून घेतले, पाणी शिंपडलं, आणि मग आम्ही तिघी, ती, तिची सून आणि मधे मी, ओळीने उभ्या राहिलो. डिसेंबरातला चिखल पहिल्या मिनिटाला इतका गार लागला की डोळ्यांत पाणी आलं. दहा मिनिटांनी पाय बधिर झाले. मला बरं वाटलं. पाय आता बाकीच्या अंगासारखे झाले, सगळं एकसारखं झालं. टाच, अंगठा, टाच, अंगठा. म्हातारी मधून मधून माझ्या पावलांकडे बघायची. "दाब गो. शाळंत पोरांना दाबतेस ना?" सून हसली. मला हसू आलं नाही, पण मी दाबलं.

शाळा सुटली की मुलगी दप्तर घेऊन बांधावर येऊन बसायची. पहिल्याच दिवशी तिने बूट-मोजे काढले आणि खाली उतरायला लागली.

"वर बस," म्हातारी म्हणाली. "तुज्यानं नाय व्हायचं. हलकं पाय तुजं, चिखलाला कलनार पन नाय. ह्याला मोटं मानूस लागतं."

मग ती रोज वर बसून अभ्यास करायची. मी वाफ्याच्या त्या टोकाला जाऊन वळले की ती माझ्याकडे बघत असायची. मी बघितलं की वहीत डोकं घालायची.

आळीत अर्थात गवगवा झाला. सव्वा महिना झाला नाही आणि बाई गारठ्यात चिखल तुडवते, नवऱ्याला काही वाटत नाही का, म्हातारीला माणुसकी आहे की नाही. शेजारची एक बाई तर मला शेगडीवर पाय शेकायला लावून अर्धा तास बोलली. त्यांची तोंडं कोण धरणार? मी शेकून घेत होते आणि सकाळी पुन्हा जात होते. तळव्यांना भेगा पडल्या, त्यांत खारं पाणी गेलं की झोंबायचं. ते मात्र मला कळायचं. दिवसभरात एवढंच काय ते कळायचं.

पाचव्या दिवशी तुडवता तुडवता माझ्या ब्लाउजला ओल आली. दूध आटायच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या, तरी ते अधूनमधून यायचं, काही कारण नसताना. मी पदर ओढला. म्हातारीने बघितलंच.

"पोर किती म्हैन्याचं?" तिने विचारलं.

"बाळ नाही," मी म्हटलं. "महिना झाला."

ती जागच्या जागी थांबली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मिठागरातल्या माणसांना आळीतल्या बातम्या सांगायला कोण जाणार? तिने माझ्या पावलांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "घरी जा," ती म्हणाली. "जा गो बाय. आमी करतू."

"दोघींनी पुनवेपर्यंत होणार नाही."

"नाय झालं तर नाय झालं."

मी गेले नाही. मोठेपणा म्हणून नव्हे. घरी जाऊन त्या पलंगावर पडायचं माझ्या जिवावर आलं होतं, इतकंच. पण त्या दिवसापासून ती माझ्यासाठी किटलीतून कोरा चहा आणायला लागली, आणि दुपारी आपली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायची.

रविवारी नवरा आला आणि बांधावर उभा राहून बघत राहिला. म्हातारीने त्यांना वाफ्यात शिंपायचं पाणी ओढायला लावलं. त्यांनी मुकाट्याने ओढलं. संध्याकाळी परत गेले. मुलगी त्यांच्यापासून चार हात लांबच होती दिवसभर.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी म्हातारीने तिन्ही वाफ्यांत फिरून ठिकठिकाणी टाच आपटून बघितली. तिच्या सुनेने श्वास रोखून धरला होता. मीही धरला होता, असं आता वाटतं.

"बसला," ती म्हणाली. "उद्या पानी घेऊ."

सून खाली बसली आणि हसायला लागली. म्हाताऱ्याने बांधावरून हात वर केला. मी पाय धुतले, चपला घातल्या, आणि निघताना शिष्टाचार म्हणून म्हटलं, "मावशी, पोरीला माफ करा. लहान आहे. कोणाला न विचारता आली."

"न इचारता?" म्हातारी म्हणाली. "इचारून आलती ना ती. मी धरली तवाच इचारलं, कोनाला सांगून आलीस गो? बोलली, आईला इचारलं, आई जा बोलली. म्हून तर मी तुज्या दारात आली. हो बोलनारीचं पाय नको काय वाफ्यात?"

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मला राग आला. "मना काय ठाव तुजं असं झालंय ते," ती हळू आवाजात म्हणाली.

मुलगी बांधावर दप्तर भरत होती. आम्ही दोघी घरी निघालो. अर्ध्या वाटेवर मी विचारलं, "तू मला विचारलं होतंस?"

"हो."

"काय विचारलंस?"

"आगरात सायकल चालवायला जाऊ का?"

"मग मी काय म्हटलं?"

"जा म्हणालीस. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा जा म्हणालीस."

मला ते आठवत नाही. तेव्हा आठवलं नाही आणि इतकी वर्षं झाली तरी अजून आठवत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. माझ्याच तोंडून ते दोनदा निघालं होतं.

"बाबांना का नाही सांगितलंस? त्यांनी मारलं तेव्हा?"

तिने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, आईला काही विचारायचं नाही, तिला त्रास द्यायचा नाही. मी विचारलं होतं ना. ते अजून रागावले असते." थोडं थांबून म्हणाली, "तुझ्यावर पण."

म्हणजे मी घरात असताना पोर एकटी होती, आणि तिने माझ्या वाटणीचा मारही खाल्ला होता. मला वाटलं होतं की मला आता काहीच वाटणार नाही. हे वाटलं. कुठल्या शब्दांत सांगू? मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. ती शेजारी उभी राहिली. माझ्या खांद्याला हात लावू की नको, असा तिचा हात हवेत होता.

दुसऱ्या दिवशी तिची शाळा बुडवून मी तिला घेऊन रोह्याची एसटी धरली. नवऱ्याची पहिली शिफ्ट होती. तीन वाजता भोंगा झाला तेव्हा आम्ही कंपनीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीपाशी उभ्या होतो. हवेत तिथल्या कारखान्यांचा नेहमीचा औषधी वास होता. माणसं सायकली काढत बाहेर आली. आम्हांला बघून नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?"

"तिनं मला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी जा म्हटलं. चूक माझी आहे, मार तिला बसला."

त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. ओळखीची माणसं जात होती. "हे सांगायला इथवर आलीस? बरं, झालं ते झालं. वाफे झाले ना नीट?"

"वाफे झाले," मी म्हटलं. "हिचं राहिलंय."

एरवी मी अजून बरंच बोलले असते. त्या दिवशी एवढंच जमलं. ते डबा हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी डबा टपरीच्या बाकावर ठेवला, मुलीसमोर खाली वाकले आणि म्हणाले, "चुकलं माझं." आमच्या घरात बापाने पोरीला असं म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मुलीने माझा हात धरलेला होता. तिने विचार केला. मग त्यांना विचारलं, "मग आता आईला काही विचारलं तर चालेल?"

मी तिच्या शेजारीच उभी होते.